पंडुमाआधीचा आंबा

बुधरीनं छपरी सारवायला घेतली आणि नेमका त्याच दुपारी डोंगराच्या अंगानं धूर दिसला.

आता उन्हाळ्यात धानोऱ्याकडच्या जंगलात धूर दिसला तर त्यात नवल ते काय? कोणी मोहाखालचा पाला पेटवतो आणि विझवायचं विसरून घरी जातो. कोणी बिडी फेकतो. मग सगळं रान पेटलं की लावणारा कोणी सापडत नाही, जो तो दुसऱ्या गावाकडे बोट दाखवतो. बुधरीनं धुराकडे एकदा बघितलं, "असंन कोनाचं तरी," म्हणाली आणि शेणाचा हात पुन्हा भुईवर फिरवायला लागली. तिला धुराशी काय देणंघेणं! तिचा सुनिल येणार होता.

सुनिल तिचा एकुलता एक लेक. ऊर्जानगरला वीज केंद्रात ठेकेदाराकडे कोळशाच्या पट्ट्यावर कामाला. लग्नही तिकडेच झालं. बायको निशा, एक पोरगी करिश्मा. त्या नातीला बुधरीनं अजून मांडीवर घेतलेलं नव्हतं, शेजारच्या पोराच्या फोनमध्ये तेवढी पाहिली होती. दर उन्हाळ्यात सुनिल म्हणायचा, "येतो अव्वा, पंडुमले येतो," आणि दर उन्हाळ्यात सुट्टी आडवी यायची. ह्या वर्षी मात्र तो आपणहून म्हणाला होता, "करिश्माले देवापुढं आननं हाय. येतोच." त्या एका 'च' वर म्हातारीनं छपरी सारवली, भिंतीला पांढरी माती लावली, नवी बाज विणून घेतली.

पंडुम म्हणजे नव्या आंब्याचा सण, मरका पंडुम. नवा आंबा आधी पेनाला, म्हणजे देवाला, आणि पुरखांना, मग माणसाला, अशी गावाची रीत. तोवर आंबा कितीही लोंबू दे, कोणी दात लावायचा नाही. ज्या घरात वर्षभरात लेकरू आलं, ते घर त्याच दिवशी लेकराला पुरखांपुढे ठेवतं. एखाद्या घरानं आधीच आंबा खाल्ला तर ते घर त्या सालाच्या पंडुमातून बाहेर. कोंबडा द्यावा लागतो तो वेगळाच. आजूबाजूच्या गावांचं पंडुम केव्हाच उरकलं होतं. इथे झिंगू गायत्याच्या घरी मयत झालं, आणि गायताच सुतकात म्हटल्यावर देव कोण पुजणार? म्हणून पंडुम मागे पडलं होतं. बुधरी मनातून खूशच होती. मागे पडलं म्हणून तर सुनिलच्या सुट्टीत बसत होतं!

आणि बुधरीच्या अंगणातला आंबा सुनिलचा होता. लहानपणी त्यानंच आंबा चोखून कोय न्हाणीजवळ पुरली होती आणि रोज तिथे मुतून "पानी देऊन राह्यलो" म्हणायचा. झाड वाढलं, पोरगं वाढलं. पोरगं गेलं आणि त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात झाडाला पहिला मोहोर आला. घ्या! देवाला तरी काय म्हणावं? तेव्हापासून बुधरीनं ठरवून टाकलं होतं, लावला त्यानं आधी चाखायचा, मग आपण. पंडुम झालं की शेजारपाजार खायचे, पोपट खायचे, तिचा नवरा पोचू खुशाल चोखत बसायचा. तो चव सांगायला लागला की ही कानांवर हात ठेवायची. सुनिल दर वर्षी फोनवर विचारायचा, "गोड हाय का वो अव्वा, आपला आंबा?" आणि ती दर वर्षी एकच सांगायची, "तू येऊन पाह्य."

दुसऱ्या दिवशी सूर्य तांबडा उगवला आणि तसाच राहिला. राख उडत उडत अंगणात यायला लागली, सारवलेल्या भुईवर बसायला लागली. बुधरी झाडायची, पुन्हा बसायची. दुपारी खालच्या रस्त्यानं माणसं आली. पन्नासेक असतील. डोक्यावर गाठोडी, काखेत लेकरं, तोंडाला ओली फडकी. तेंदूपत्ता तोडायला आलेले मजूर. तलावाच्या मुलखातले, सिंदेवाहीकडचे. डोंगरापलीकडच्या गावाशेजारी पाल ठोकून राहिले होते. वारा फिरला आणि पालं गेली, वाळत घातलेले पत्त्याचे पुडके गेले, ठेकेदाराचा मुन्शी तर गाडी घेऊन सगळ्यांच्या आधी गेला. वनरक्षकानं त्यांना इकडे आणून सोडलं होतं.

"शाळेत मावतील तेवढे मावले," वनरक्षक पाटलाच्या दारात हात जोडून म्हणाला. "बाकीच्याईले घराघरात घ्या बाप्पा. दोन्ही अंगाचा रस्ता पेटून हाय. कुठी नेऊ मी याहिले?"

गावानं कुरकुर केली, पण घेतलं. सुकरीनं, बुधरीच्या शेजारणीनं, चार जण घेतले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "याहिच्याच बिड्यानं पेटलं असंन. आन आता आमच्याच घरी पाहुनचार!"

बुधरीच्या कुडाबाहेर एक जोडपं उभं होतं. पुरुष वाळका, भुवया जळालेल्या. बाई पोटुशी, दिवस भरत आलेले. तो आत यायला धजेना. कुडाची काडी धरून नुसता उभा, मागायची सवय नसलेल्या माणसासारखा.

"बाई," अखेर तो म्हणाला, "कोठ्यात जागा दिली तरी चालते. हिले तेवढं बसू द्या."

बुधरीनं छपरीकडे बघितलं. पांढरी भिंत, नवी बाज. ती निशासाठी होती, करिश्मासाठी होती. तिच्या मनात आलं, खरंच कोठ्यात द्यावी, नाहीतरी कोठ्यात बैल नाहीत. मग तिचं लक्ष बाईच्या पायांकडे गेलं. चप्पल वितळून टाचेला चिकटली होती.

"कोठ्यात काऊन?" बुधरी खेकसली. "इथी ये. बस त्या बाजीवर. अवं बस म्हनलं ना!"

तिचं नाव गिरजा. नवऱ्याचं इस्तारी. बुधरीनं मोहाच्या बियांचं तेल कोमट करून तिच्या टाचांना लावलं, तेव्हा गिरजानं ओठ दाबून धरले, पण हूं का चूं केलं नाही. पेज मात्र दोन वेळा मागून प्याली आणि मग लाजली.

पुढचे दिवस सगळे सारखेच गेले. पहाटे गावातली माणसं हिरव्या फांद्या तोडून डोंगराकडे निघायची, आगीच्या तोंडावर फांद्या आपटायची, पाला ओढून आग अडवणारी मोकळी रेघ काढायची. पोचूच्या जोडीला इस्तारीही जायला लागला. पोचूनं पहिल्या दिवशी त्याला फांदी धरायचं शिकवलं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येऊन म्हणाला, "मासे धरनारा ढीवर हाय पन हात चांगला हाय लेकाचा." बुधरी आणि बाकीच्या बाया डोक्यावर पाणी आणि पेज घेऊन वर जायच्या. परतल्या की नाकात काजळी, डोळे लाल, लुगड्याला धुराचा वास. तो वास धुऊनही जाईना.

गिरजाला चालवत नव्हतं. पण ती हातावर हात ठेवून बसणारी बाई नव्हती. वळचणीला पोचूचं फाटकं जाळं लोंबत होतं. नदीला पाणी असलं की तो कधीमधी टाकायचा. तिनं ते ओढून घेतलं आणि विणत बसली. बोटं अशी चालायची की बघत राहावं.

"कोनं शिकवलं तुले?" बुधरीनं विचारलं.

"माह्या मायनं. आमच्या तलावाचं पानी आता आटलं असंन. माय चिखलात हात घालून मासे काढत असंन." तिनं जाळ्याची गाठ ओढली. "बाळंतपन मायजवळ करायचं होतं मले. पत्ता झाला की जाऊ म्हनलं होतं."

"जाशील ना. आग काय जन्मभर राह्यते?"

"बाई, तुमच्या पोराले आठवन येत असंन ना तुमची?"

बुधरीनं सुपातल्या तांदळातला खडा शोधून शोधून बाहेर टाकला. "न यायले काय झालं! येऊन राह्यला ना तो. पंडुमले." आणि मग थांबताच येईना. नातीचं नाव, सुनिलची लहानपणची मुतायची गोष्ट, सगळं सांगून टाकलं. गिरजा पोट धरून हसली. हसता हसता झाडाकडे बघायला लागली. कैऱ्या चांगल्या मुठीएवढ्या झाल्या होत्या, वाऱ्यानं हलत होत्या.

"मस्त लागले बाई आंबे," ती म्हणाली आणि आवंढा गिळला.

"सुनिलचे होत ते," बुधरी म्हणाली. तिला वाटलं, एवढं पुरे. पंडुम व्हायचं आहे हे काय सांगायचं असतं? अख्ख्या गावाला ठाऊक आहे! पण गिरजा ह्या गावातली नव्हती. ती ज्या गावाशेजारी पाल ठोकून राहिली होती तिथलं पंडुम होऊन गेलं होतं, तिथल्या बाया तिला टोपलीनं आंबे देत होत्या. रीत गावागणिक असते आणि डोहाळे सगळीकडे सारखेच, हे त्या घडीला दोघींपैकी एकीलाही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी बुधरी वरून पाण्याची रिकामी गुंडी घेऊन परतली, तर अंगणात ही गर्दी. सुकरी मध्ये उभी. तिच्या हातात कैरीची साल, हिरवीगार, ताजी.

"पाहा! पाहा सगळे!" ती ओरडत होती. "पंडुम नाई, काई नाई, आन इथी साली पडून हायेत! म्हनूनच सकाळी वारा फिरला. नाल्याच्या अलीकडं आली आग, माहीत हाय का? माहा कोठा त्याच अंगाले हाय!"

आग खरंच नाल्याच्या अलीकडे आली होती. बुधरी तेच बघून आली होती. पुरुष फांद्या टाकून नव्या रेघेसाठी कुदळी न्यायला गावात आले होते, ते तसेच अंगणात शिरले. काळी तोंडं, फुटलेले ओठ. त्यांच्यात पोचू होता, इस्तारीही होता. गिरजा बाजेवर बसली होती, पदरात काहीतरी घट्ट धरून. तिचा चेहरा छपरीच्या भिंतीसारखा पांढरा पडला होता.

"हाकला!" कोणीतरी म्हणालं. "सगळ्या पत्तेवाल्याईले हाकला. यायच्या पायानं आली आग."

"कुठी हाकलता? रस्ता पेटून हाय."

"ते त्याहिचं त्याहिनं पाहावं!"

इस्तारी पुढे झाला. तो काही बोलणार तोच बुधरीनं डोक्यावरची गुंडी धाडकन खाली ठेवली.

बुधरी भांडखोर होती, पण मूर्ख नव्हती. सगळं तिला एका क्षणात दिसलं. ही पोरगी आणि तिच्या पोटातलं लेकरू, धुराचा रस्ता, जळालेल्या टाचा. दुसऱ्या बाजूला करिश्मा. तिची छपरी. सुनिल पेनापुढे लेकरू ठेवतोय, गायता तांदूळ टाकतोय, आणि मग सुनिल आपल्या झाडाचा आंबा हातात घेऊन तिच्याकडे बघतोय. किती उन्हाळे तिनं ते मनात बघितलं होतं! तिला मोठ्यानं रडावंसं वाटलं, गिरजाला एक थोबाडीत द्यावीशी वाटली.

"काहाले बोंबलून राह्यली व सुकरे?" ती म्हणाली. "मी तोडला."

सुकरीचं तोंड उघडंच राहिलं.

"तू?" झिंगू गायता गर्दीतून पुढे आला. म्हातारा, डोक्याला फडकं बांधलेलं, तोही आगीवरूनच आला होता. "तू तोडला बुधरी? तू त झाड लागल्यापासून जिभेले लावला नाई."

"म्हनूनच तोडला. किती दिवस पाहू? जीव झाला, तोडला." ती बाजेकडे गेली आणि गिरजापुढे हात पसरला. "आन तो अर्धा. तुह्याजवळ ठेवाले देल्ला होता ना मी? आन इकडं."

गिरजा बघतच राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पदरातून तिनं अर्धी कैरी काढली, मिठाचे खडे चिकटलेली, दातांच्या खुणा असलेली. बुधरीनं ती घेतली आणि सगळ्या गावादेखत, चिडून, भुकेल्यासारखी, कराकरा खाल्ली. कोयीपर्यंत खाल्ली. आंबट पाण्यानं तिचे डोळे भरून आले, आणि ते कशानं भरले हे कोणाला वेगळं सांगता आलं नसतं.

पोचू कुदळीच्या दांड्यावर टेकून उभा होता. जन्म काढला होता त्यानं ह्या बाईबरोबर, खोटं बोलताना तिचा आवाज चढतो हे त्याला माहीत होतं.

झिंगू गायत्यानं गिरजाकडे बघितलं, गिरजाच्या पोटाकडे बघितलं, मग बुधरीकडे. त्यालाही दोन डोळे होतेच की. पण रीत तोंडानं सांगितलेलं ऐकते.

"मंग रीत ते रीत," तो हळू आवाजात म्हणाला. "कोंबडा लागंन. आन ह्या सालचं पंडुम तुमच्या घराले नाई. सुनिलची पोरगी पुढच्या साली." मग तो म्हणाला, "तुले माहीत होतं ना बुधरी?"

"माहीत होतं."

"चला आता," गायता बाकीच्यांवर ओरडला. "आंबे मोजत बसाल त घरं जातील. कुदळी घ्या!"

माणसं गेली. सुकरी साल तिथेच टाकून गेली. इस्तारी जाता जाता बुधरीसमोर वाकला, पण तिनं त्याला हातानंच झटकलं, "जाय, जाय, कोठा पाहा तिचा." आणि त्या दिवशी सुकरीचा कोठा वाचला तो इस्तारीनं वाचवला. छपरावरचं गवत त्यानं एकट्यानं ओढून काढलं. सुकरी नंतर चार दिवस खालमानेनं हिंडत होती, ती गोष्ट निराळी.

गिरजा बाजेवर रडत होती. "बाई, मले माहीत नव्हतं वो. खरंच माहीत नव्हतं. तिकडं सगळे खात होते. इस्तारीनं सकाळी जाता जाता काडीनं पाडून देल्ला. मी काय केलं हे!"

"तुले नव्हतं माहीत, मले होतं. मी सांगाले पाह्यजे होतं," बुधरी म्हणाली. ती भुईवर बसली. छपरीला राखेचा थर आला होता. "आता रडू नोको. पोटातल्याले तरास होते. आंबा मस्त होता का नाई?"

गिरजानं रडता रडता मान हलवली.

नवी रेघ टिकली आणि आग हळूहळू बसली, जळायला काही उरलं नाही म्हणूनही असेल. डोंगर काळा पडला. रस्ता मोकळा झाला तसे मजुरांना न्यायला टेम्पो आले. गिरजा पायांना फडकी बांधून टेम्पोत चढली. जाळं तिनं पुरं विणून घडी करून बाजेवर ठेवलं होतं. "पोरगी झाली त तुमचंच नाव ठेवीन," ती म्हणाली. बुधरी म्हणाली, "काहाले? चांगलं नाव ठेव." टेम्पो वळणाआड गेला तरी ती कुडाशी उभी होती. घरात आलेलं माणूस गेलं की जागा मोठी वाटते. आठ दिवसांची ओळख, पण तिला वाटलं आपलीच लेक बाळंतपणाला उलटी सासरी निघाली.

संध्याकाळी ती शाळेच्या पाण्याच्या टाकीजवळ गेली. गावात फोन तिथेच लागतो. शेजारच्या पोरानं नंबर लावून दिला आणि तो बाजूला झाला. तिकडून बसचा आवाज, माणसांचा गलबला. सुनिलची पाळी सुटली होती.

"अव्वा! आग विझली म्हनते, खरं का? पंडुम कवा हाय?"

ती वाटेनं येताना सगळं जुळवून आली होती, कसं सांगायचं ते. पण तोंडून सरळच निघालं. "आपल्या घराचं पंडुम नाई बाबू ह्या साली. तू नोको येऊ." आणि थोडक्यात जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं, घराकडून चूक झाली म्हणून. गिरजाचं नाव घेतलं नाही.

मग सुनिल म्हणाला, "बरं, मंग... खरं सांगू का अव्वा, सुट्टी पक्की नव्हतीच झाली. मी तुले कसं सांगू हेच पाहून राह्यलो होतो." त्याच्या आवाजात सुटका होती. लपवायचा प्रयत्न करत होता, पण आईला काय कळत नाही?

बुधरीनं टाकीच्या ओल्या सिमेंटला हात टेकला. म्हणजे छपरी तशी मोकळीच राहणार होती. तिनं कुणाच्या वाटचं कुणाला दिलं नव्हतं. हे कळल्यावर हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

"असो," ती म्हणाली. "काम सांभाळ. पोरीले पाह्य."

"हो." मग त्याला काहीतरी बोलायचं म्हणून, दर वर्षीचं आठवलं. "आंबा कसा हाय वो आपला? गोड निघंन का?"

'तू येऊन पाह्य' हे तिच्या ओठांवर आलं होतं. इतकी वर्षं तेवढंच तर होतं तिच्याकडे त्याला बोलवायला. पण आता तिला चव माहीत होती, आणि ह्या पोराशी तिला खोटं बोलता येत नव्हतं.

"गोड निघंन," ती म्हणाली. "आत्ता आंबट हाय, पन आंबटात गोडी हाय. कोय पातळ हाय. गर मस्त हाय."

तिकडचा गलबला मागे पडला, सुनिल बाजूला झाला असावा.

"अव्वा," सुनिल म्हणाला. आवाज मोठ्या माणसाचा नव्हता, न्हाणीजवळ उभं राहून विचारणाऱ्या पोराचा होता. "तू खाल्ला? माह्याबिगर?"

काळ्या डोंगरावरून वारा आला, जळक्या पाल्याचा वास घेऊन.

"हो बाबू," ती म्हणाली. "घरी पाहुनी आली होती. तिच्यासंगं खाल्ला."